वेस्ट ऑकलंडचा करंडक योगायोगाचा नव्हता : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ईशान्य इंग्लंडमधल्या वेस्ट ऑकलंड या खेड्याच्या फुटबॉल क्लबवरच्या माझ्या लेखाला तुम्ही सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्यामुळे नुसते आभार मानून थांबणं मला पटेना. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : वेस्ट ऑकलंडने जिंकलेल्या, १९०९ च्या इटलीतल्या तुरिनमधल्या स्पर्धेला ‘पहिला विश्वचषक’ म्हणणं म्हणजे फुगवलेली गोष्ट; डरहॅम परगण्यातल्या या खाणकामगारांना आमंत्रण मिळालं तेही वूलिच आर्सेनल (आजचा लंडनचा आर्सेनल क्लब) आणि वेस्ट ऑकलंड यांच्या सारख्या आद्याक्षरांमुळे झालेल्या घोळातून; आणि अशा गावठी, अर्धव्यावसायिक क्लबवर मराठीत एवढं लिहायचं कारण काय?

विश्वचषकाबाबत आपला वाद फारसा नाही. फिफाचा पहिला विश्वचषक १९३० चा, उरुग्वेतला. तुमच्या बाजूने आणखी एक मुद्दा सांगतो : तुरिनमध्येच १९०८ साली एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली होती, म्हणजे ‘पहिला’ हा शब्दही वादातीत नाही. पण गावाने ती ओळख अभिमानाने जपली आहे आणि ती का जपली, हे सांगणं मला महत्त्वाचं वाटतं. स्पर्धा भरवली सर थॉमस लिप्टन यांनी. आपल्याकडे चहाच्या पुड्यावर ज्यांचं नाव घरोघरी पोचलं तेच लिप्टन. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि इटलीतून संघ आले. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने (एफए) मात्र संघ पाठवायला नकार दिला आणि गेलं ते वेस्ट ऑकलंड.

आद्याक्षरांच्या कथेला मात्र माझा ठाम विरोध आहे. ‘डब्ल्यू. ए.’ म्हणजे वूलिच आर्सेनल असं लिप्टन यांच्या माणसांना अभिप्रेत होतं आणि पत्र चुकून वेस्ट ऑकलंडला गेलं, ही गोष्ट ऐकायला चटपटीत आहे; पण ती सिद्ध करणारा कागद माझ्या वाचनात आलेला नाही. वादापुरतं ती खरी धरली, तरी मैदानावर काय घडलं? उपांत्य सामन्यात स्टुटगार्टच्या संघावर २-० आणि अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडच्या विंटरथुरवर २-०. दोन सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही. ही माणसं एरवी कोळशाच्या खाणीत पाळ्या करणारी. इटलीला जायचं म्हणजे तेवढ्या दिवसांच्या मजुरीवर पाणी सोडायचं.

आणि १९११ चं काय? तेव्हा वेस्ट ऑकलंड विजेता म्हणून करंडक राखायला गेलं होतं, म्हणजे आद्याक्षरांचा प्रश्नच उरला नव्हता. झ्युरिकच्या संघाला २-० हरवून त्यांनी अंतिम सामन्यात इटलीच्या युव्हेंटसचा ६-१ असा पराभव केला. तेव्हाचं युव्हेंटस म्हणजे आजचा बलाढ्य क्लब नव्हे, हे मान्य. पण सहा गोल काही पत्राच्या घोळातून होत नाहीत.

या भागातलं हौशी फुटबॉल किती कसदार होतं, हे लक्षात न घेतल्यामुळेच ती कथा लोकांना खरी वाटते. शेजारच्या बिशप ऑकलंडने एफए अमॅच्युअर कप, म्हणजे हौशी संघांसाठीची एफएची स्पर्धा, दहा वेळा जिंकली. १९०९ च्या संघात जवळच्या क्रूक गावचा जॅक ग्रीनवेल पाहुणा खेळाडू म्हणून होता. तोही खाणीत काम केलेला. पुढे तो बार्सिलोनाकडून खेळला, त्या क्लबचा अनेक वर्षं प्रशिक्षक होता आणि १९३९ मध्ये त्याच्या मार्गदर्शनाखाली पेरूने दक्षिण अमेरिकेचं अजिंक्यपद जिंकलं. अशी माणसं ज्या मातीतून येत होती, तिथल्या संघाचं यश नशिबाच्या खात्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

आता तुमचा तिसरा प्रश्न. मला या क्लबबद्दल लिहावंसं वाटतं ते विजयानंतर जे झालं त्यामुळे. दोनदा जिंकल्यामुळे करंडक गावाकडेच राहिला, पण इटलीच्या प्रवासखर्चाने क्लब कर्जात बुडाला. चाळीस पौंडांसाठी करंडक गावातल्या व्हीटशीफ हॉटेलच्या मालकीणबाईंकडे गेला. क्लबची घडी मोडली, पुढे ‘वेस्ट ऑकलंड टाऊन’ या नावाने ती पुन्हा बसली. १९६० साली गावाने शंभर पौंड देऊन करंडक परत मिळवला. ज्या पिढीने तो सोडवून आणला, तिच्यातल्या बहुतेकांनी तुरिनचे सामने पाहिलेलेही नव्हते! पुढच्याच वर्षी संघ अमॅच्युअर कपच्या अंतिम सामन्यासाठी लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर उतरला आणि वॉल्थमस्टो ॲव्हेन्यूकडून १-२ असा हरला. १९९४ मध्ये करंडक चोरीला गेला, तो सापडलाच नाही. आज आहे ती प्रतिकृती.

१९७४ मध्ये इंग्लंडमध्ये हौशी आणि व्यावसायिक हा अधिकृत भेद संपला. आज अशा क्लबचे खेळाडू दिवसभर आपापली नोकरी करतात, संध्याकाळी सराव करतात आणि सामन्यामागे थोडे पैसे घेतात. याच पातळीवर खेळून वेस्ट ऑकलंडने २०१२ आणि २०१४ मध्ये एफए व्हाज या खालच्या पातळीवरच्या क्लबांच्या स्पर्धेचा अंतिम सामना गाठला, दोन्ही वेळा वेम्बलीवर. एकदा डन्स्टनकडून ०-२, एकदा शोलिंगकडून ०-१ अशी हार झाली. एका खेड्याचा संघ तीन वर्षांत दोनदा तिथवर पोचतो, याला ‘गावठी’ म्हणून बाजूला सारणं मला जमणार नाही.

आर्सेनलला पाठवलेल्या आमंत्रणाचा एखादा समकालीन पुरावा, पत्र किंवा त्या वर्षीच्या वर्तमानपत्रातली बातमी तुमच्याकडे असेल तर जरूर पाठवा. मूळ लेखात ती तुमच्या नावानिशी जोडीन.