'किती निवांत दिवस होते ना ते'

सकाळी शाळेच्या जुन्या ग्रुपवर एका मैत्रिणीनं लॉकडाऊनचे फोटो टाकले. घरी केलेला केक, गच्चीवरचा पत्त्यांचा डाव. खाली ओळ: किती निवांत दिवस होते ना ते. दिवसभर ती ओळ डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

22 मार्च 2020. संध्याकाळी पाचला सगळे थाळ्या वाजवत होते तेव्हा माझे आई-अण्णा सातारा जिल्ह्यात उसाच्या फडात मोळ्या बांधत होते. अण्णांचा फोन आला, "बाई, गावात थाळ्या कशाच्या वाजायल्यात?" म्हटलं, अशा दिवसांतही जे काम करायलेत त्यांच्यासाठी. "बरं हाय," म्हणाले आणि फोन ठेवला. ट्रक भरायला उभा होता. आपल्यासाठीही वाजायल्यात का, असं त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

साखर अत्यावश्यक, म्हणून कारखाने सुरू, म्हणून तोड सुरू. ट्रकच्या काचेवर 'अत्यावश्यक सेवा' असा कागद होता. ट्रक भरणारी माझी आई पदर तोंडाला बांधून मोळ्या वाहत होती. 'घरात राहा' म्हणत होते ना सगळे? त्यांचं घर म्हणजे पाचटाची कोपी, उसाच्या वाळल्या पाल्याची झोपडी.

आणि मजुरी? पहाटे चारला उठून दोघांनी दोन टन तोडला तरी त्या हंगामात कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, दिवसाचे पाचशेही पडत नव्हते. तेही उचलीत वळते; उचल म्हणजे टोळी नेणाऱ्या मुकादमानं हंगामाआधीच दिलेले आगाऊ पैसे. मी शिक्षिका. मार्चचा पगार दोन टप्प्यांत मिळणार म्हणून आम्ही किती आरडाओरडा केला होता! मीही केला होता. घरी बसून.

17 एप्रिलला सरकारनं परतायची परवानगी दिली. आई-अण्णा आले तर वेशीवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या. गाव घाबरलं होतं, मान्य. चौदा दिवस दोघं बांधावरच्या लिंबाखाली राहिले. मी भाकरी दुरून ठेवायची. आई तिथूनच म्हणाली, "माय, आमी काय चोरी केली का?"

त्या मैत्रिणीवर राग नाही माझा. आई-अण्णा फडावर असायचे ते सगळे हिवाळे मी तिच्याच डब्यातलं खाल्लंय. तिच्या आईनं माझ्यासाठी एक पोळी कायम जास्त टाकली. तिला हे माहीत असायला हवं होतं, एवढंच.

हो, 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 रुपये झाला. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळही झालं. उचल घेऊन पळणारेही असतात. सगळं मान्य. पण ऊस तोडणाऱ्या हार्वेस्टरला टनामागे माणसापेक्षा जास्त भाव का? यंत्राची कंबर मोडते का? यंत्राला लेकरू पाठीमागं आजीकडे टाकून जावं लागतं का? महामारीत थांबू दिलं नाही ना त्यांना, मग निदान यंत्राएवढा तरी भाव द्या कोयत्याला. मागून घ्यायची गोष्टच नाही ही.

अण्णांच्या "बरं हाय"चा आवाज अजून कानात आहे. तेव्हा मी त्यांना सांगायला हवं होतं, अण्णा, तुमच्यासाठीही वाजायल्यात. नाही सांगितलं. माझ्याही मनात आलं नाही.

यंदा भाऊ-वहिनीचा कोयता आहे. काल मुकादम उचल देऊन गेला. आई वहिनीचं सामान बांधत होती. साबणाच्या वड्या मोजून ठेवल्या, थोडं थांबली आणि आणखी दोन टाकल्या.