‘स्वतःकडे गाडी नसली की असले लेख सुचतात’ – या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

फुटपाथवर गाड्या चढू नयेत म्हणून काय काय करता येईल (फुटपाथची कड, म्हणजे कर्ब, उंच करणं, खांब रोवणं), यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं. त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. इतरांना संदर्भ लागावा म्हणून ती इथे देतो: ‘स्वतःकडे गाडी नसली की असले लेख सुचतात. आधी पार्किंगला जागा द्या, मग खांब रोवा. गुडघ्याएवढा कर्ब म्हातारी माणसं चढणार कशी? आणि खांबांनी दुचाकी अडतात का?’

आधी जे पटलं ते. कर्बबद्दल तुमचं बरोबर आहे. ‘गुडघ्याएवढा’ हे मी रागाच्या भरात लिहून गेलो. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या सूचनांत कर्बची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर आहे. त्याहून उंच केला की वयस्कर माणसं फुटपाथ सोडून रस्त्यानेच चालतात. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता तुमचं पहिलं वाक्य. मला एकदा भेटलाही नाहीत आणि माझ्या दारात गाडी आहे की नाही हे तुम्ही ठरवून टाकलंत. माझ्याकडे २००९ पासून चारचाकी आहे. कोथरूडमध्ये आमच्या जुन्या सोसायटीत चोवीस फ्लॅट आणि नऊ गाड्यांची जागा. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात माझा नंबर लागला नाही. तेव्हापासून दोन गल्ल्या सोडून एका बंगल्याच्या आवारात महिन्याचं भाडं भरून गाडी लावतो. भर पावसात किराण्याच्या पिशव्या घेऊन तिथून चालत येतो. आमच्या गेटसमोरचा फुटपाथ तेव्हाही मोकळा होता. गाडी त्यावर चढवणं मलाही जमलं असतं.

ती का चढवली नाही, तेही सांगतो. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. रोज वीस मिनिटं सपाट जागी चाला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. एका संध्याकाळी कोपऱ्यावर एक मोठी गाडी चारही चाकं फुटपाथवर ठेवून उभी होती. भिंत आणि आरसा यांच्यामधून वॉकर जाईना, म्हणून बाबा खाली रस्त्यावर उतरले. मागून आलेल्या दुचाकीचं हँडल लागलं आणि मनगट मोडलं. गाडीवाला दहा मिनिटांनी आला आणि म्हणाला, ‘पाचच मिनिटं लावली होती, काका.’ त्यानंतर बाबा फिरायला म्हणून बाहेर पडले नाहीत. शेवटची दोन वर्षं ते गॅलरीत फेऱ्या मारत. सात पावलं जायची, सात यायची. ‘असले लेख सुचतात’ ते इथून सुचतात. मला हे चारचौघांत लिहायचं नव्हतं. तुम्ही लिहायला लावलंत.

खांबांचं गणित लेखात होतंच, पण ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही. दोन खांबांमध्ये साधारण १.२ मीटर अंतर ठेवलं की व्हीलचेअर सहज जाते, वॉकर जातो, बाबागाडी जाते. आपल्याकडची छोटी अल्टोसुद्धा जवळजवळ दीड मीटर रुंद आहे, ती जात नाही. तिथे पोलीस उभा करावा लागत नाही, पावती फाडावी लागत नाही. मात्र सोसायट्यांच्या गेटपाशी फुटपाथ उतरता केलेला असतो आणि गाड्या नेमक्या तिथूनच वर चढतात. म्हणून खांबांची सुरुवात त्या उताराच्या दोन्ही बाजूंना व्हायला हवी. आमच्याकडे ते सरळ भागात रोवतात आणि उतार मोकळा सोडतात. मग खर्च वाया गेला म्हणून ओरड होते.

दुचाकी त्या फटीतून जातात, हे मी लेखातही लिहिलं होतं. त्यावर पुन्हा वाद घालत नाही.

पार्किंगच्या जागेचं म्हणाल, तर २०१८ मध्ये पुणे महापालिकेने पैसे भरून रस्त्यावर गाडी लावायचं धोरण मंजूर केलं, तेव्हा त्याला जोरदार विरोध झाला होता. जागा हवी, पण तिचे पैसे द्यायचे नाहीत, आणि तोवर फुटपाथ आहेच. हा युक्तिवाद मी पंधरा वर्षं सोसायटीच्या सभांत ऐकतो आहे, इथे ऐकायची माझी तयारी नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथवरून चालता येणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं आहे. गाडी लावायला जागा मिळण्याबद्दल तसं काही सांगितलेलं नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. मुद्दा मांडायला पुन्हा जरूर या. पण लिहिणाऱ्याच्या घरात काय आहे आणि काय नाही, यावरून सुरुवात असेल, तर ती इथे दिसणार नाही.