हिटलरला कोर्टाने ‘निर्दोष’ सोडलं? निकाल तरी वाचा, काका

काकांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला फॉरवर्ड आता भाचीच्या वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात शिरलाय, म्हणून हे लिहितोय. त्यातले दावे असे: १९२३ मध्ये म्युनिकला सत्ता बळकावण्यासाठी केलेल्या उठावानंतर कोर्टाने हिटलरला देशभक्त ठरवून निर्दोष सोडलं, एकाही वकिलाने, पुढाऱ्याने तोंड उघडलं नाही, १९३३ मध्ये संसदेने एकमताने सत्ता दिली, विरोधक पळाले ते कायमचे.

म्युनिकचा १ एप्रिल १९२४ चा निकाल राजद्रोहाच्या शिक्षेचा आहे, पाच वर्षं कैद. उठावात चार पोलीस मेले होते. न्यायाधीशांनी आरोपींच्या देशभक्तीचे गोडवे गायले, एवढं मात्र खरं. हिटलर तेव्हा ऑस्ट्रियन नागरिक. कायद्याने हद्दपारी व्हायला हवी होती. इतक्या जर्मन भावनेच्या माणसाला ती लागू नाही, म्हणे! आधीच्या एका शिक्षेत तो सवलतीवर बाहेर होता, तरी पुन्हा सवलत, आणि त्याच वर्षी २० डिसेंबरला तुरुंगाबाहेर. आमच्याकडे याला मेहेरबानी म्हणतात.

आणि कुणी बोललं नाही? विल्हेल्म होग्नर हे नाव ऐकलंय? कायद्याचा माणूस, बव्हेरियाच्या, म्हणजे म्युनिक ज्या जर्मन राज्यात आहे त्याच्या, न्यायखात्यात नोकरीला, आणि १९२४ पासून तिथल्या विधिमंडळात विरोधी बाकांवरचा समाजवादी आमदार. उठावाची चौकशी करणाऱ्या समितीत त्याने कागद उकरले. १ मे १९२३ च्या सशस्त्र जमवाजमवीबद्दल हिटलरवरचा खटला कसा गुंडाळला गेला, हेही त्यातून बाहेर आलं. तेव्हा न्यायमंत्री होते ग्युर्टनर, म्हणजे होग्नरचेच वरिष्ठ. स्वतःच्या खात्याची लक्तरं बाहेर काढणं सोपं नसतं, काका. समितीचं काम बरंचसं बंद दाराआड राहिलं, तेव्हा त्याने १९२८ मध्ये नाव न घालता ते छापलं.

‘एकमताने’ म्हणे. २३ मार्च १९३३, हिटलर सरकारला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्यावरचं मतदान: बाजूने ४४४, विरोधात ९४. सभागृहात वर्दीतले नाझी उभे असताना दिलेली ही ९४ मतं, त्यांत तोवर देशाच्या संसदेतही पोचलेल्या होग्नरचंही एक. कम्युनिस्टांना तर आतच येऊ दिलं नव्हतं.

होग्नर पळाला, हो. आधी ऑस्ट्रियात, मग स्वित्झर्लंडला. १९४५ मध्ये परतला, बव्हेरियाचा मुख्यमंत्री झाला, तिथल्या १९४६ च्या राज्यघटनेचा मुख्य शिल्पकार ठरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूरेंबर्गला नाझी नेत्यांना फाशी दिली, तेव्हा साक्षीदार म्हणून तो तिथे हजर होता.