मारामुळे झालेला मोतीबिंदू कागदावर ‘वयाचा’ करून घेऊ नका

‘डिस्चार्ज कार्डावर एच २६.१ दिसला तर सावध व्हा’ अशा सुरुवातीचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. एच २६.१ हा इजेमुळे झालेल्या मोतीबिंदूच्या निदानाचा कोड. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: हा पोलीस केसचा कोड आहे. मार लागल्यापासून महिन्याभरात मोतीबिंदू आला नाही, तर ‘मारामुळे’ लिहिणं खोटं. हा कोड असला की विमा अडतो, म्हणून डॉक्टरांना सांगून एच २५, म्हणजे वयामुळे होणारा मोतीबिंदू, असं करून घ्या. कोडमध्ये उजवा-डावा डोळा नसेल तर तो बनावट समजा. आणि ऑपरेशनची घाई नको, थेंबांनी मोतीबिंदू विरघळतो.

मी रुग्णालयाच्या नोंदी विभागात निदानांचे कोड लावते. असे मेसेज रोज येतात आणि मी ते वाचून सोडून देते. हा सोडवत नाही, कारण माझ्या मावसभावाने तो खरा धरलाय. कॉलेजात असताना त्याच्या डोळ्यावर बॅडमिंटनचं शटल बसलं होतं. आता चाळिशीत नेमक्या त्याच डोळ्यात मोतीबिंदू आलाय, ऑपरेशन ठरलंय, आणि तो मला फोनवर सांगतो, “ताई, कोड बदलून द्या म्हणून डॉक्टरांना सांगणार आहे मी.”

म्हणून आधी त्याच मुद्द्याचं बघू, कारण बाकीच्यांनी गैरसमज होतो, याने नुकसान होतं.

डोळ्याला मुका मार बसतो तेव्हा इजा फक्त भिंगाला होते असं नाही. भिंग ज्या बारीक तंतूंवर टांगलेलं असतं, ते तंतू तुटलेले असू शकतात. मग भिंग हलतं, ऑपरेशन करताना मागचा जेलीसारखा द्रव पुढे येऊ शकतो, भिंगाच्या पिशवीला आधार द्यायला खास रिंग तयार ठेवावी लागते. डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं तो कोपरा फाटलेला असेल, तर काचबिंदू कित्येक वर्षांनीही उद्भवतो. मागच्या पडद्याला छिद्र पडलेलं असू शकतं. आज ऑपरेशन करणारा डॉक्टर हे सगळं स्वतः तपासेलच, तो काही कोडवर विसंबून राहत नाही. पण पुढे कधी गाव बदललं, डॉक्टर बदलला आणि जुन्या कागदावर ‘वयामुळे’ एवढंच असलं, तर त्या डोळ्यातला दाब नेमाने बघत राहायला हवा हे नव्या डॉक्टरला कोण सांगणार?

विम्याचं म्हणाल तर हा सल्ला उलटा अंगाशी येतो. विमा कंपनीकडे एकटा कोड जात नाही. सोबत केसपेपर जातो, स्लिट लॅम्पची, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखालची, तपासणी जाते, सोनोग्राफी झाली असेल तर तिचा रिपोर्ट जातो. चाळिशीतला माणूस, एक डोळा स्वच्छ, दुसऱ्यात दाट मोतीबिंदू, केसपेपरवर ‘पूर्वी मार लागल्याचा इतिहास’ आणि निदानात ‘वयामुळे’. ही विसंगती तिथल्या माणसाला पहिल्याच वाचनात दिसते. खरा कोड असेल तर फार तर मार कधी आणि कसा लागला हे विचारतील. इजा म्हटली की प्रश्न जास्त येतात, एवढं मेसेजमधलं खरं आहे, तेही मी नाइलाजाने मान्य करते. पण प्रश्नांना उत्तरं देता येतात. खोटं निदान लिहून घेतल्यावर काय उत्तर देणार? शिवाय त्या खोट्यावर सही डॉक्टरची असते.

आणि असे कोड बदलत गेले, तर खेळात, कारखान्यात, फटाक्यांनी किती डोळे जातात याचा हिशेबच राहत नाही. संरक्षक चष्मे सक्तीचे करा असं म्हणायला मग आधार कुठून आणायचा?

आता पोलीस केस. जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-१० हे वर्गीकरण इंटरनेटवर कुणालाही उघडून बघता येतं. त्यात एच २६.१ हा कोड डोळ्यांच्या आजारांच्या प्रकरणात आहे, रांजणवाडी ज्या प्रकरणात आहे त्याच. कोडचा अर्थ ‘इजेमुळे झालेला मोतीबिंदू’, बस. मार कशाने लागला हे सांगायला विसाव्या प्रकरणातला वेगळा कोड जोडता येतो, आणि तोही ‘हवा असल्यास’, असं तिथेच लिहिलंय. खेळाचं साहित्य लागलं तर डब्ल्यू २१, फटाका उडाला तर डब्ल्यू ३९. हल्ल्याचे कोड एक्स ८५ पासून सुरू होतात. पोलिसांना कळवायचं की नाही हे डॉक्टर जखम आणि हकिगत पाहून, कायद्याप्रमाणे ठरवतात. त्याचा एच २६.१ शी संबंध नाही.

महिन्याभराची अट तर कुणी मनाने रचली आहे. टोकदार वस्तूने भिंगाची पिशवी फाटली तर भिंग काही तासांत किंवा दिवसांत पांढरं होतं. मुक्या माराने आलेला मोतीबिंदू काही महिन्यांनी, काही वर्षांनीही दिसतो. विजेच्या धक्क्यानंतरचाही उशिरा येऊ शकतो. त्याच आयसीडी-१० मध्ये टी ९०.४ हा डोळ्याच्या इजेच्या उशिराच्या परिणामांचा कोड आहे, आणि त्या गटाच्या टिपेत इजेनंतर एक वर्ष किंवा त्याहून जास्त काळाने असलेले परिणामही धरलेले आहेत. शिवाय माराचे ठसे भिंगावर राहू शकतात: पाकळ्यांच्या फुलासारखा डाग, किंवा बाहुलीच्या कडेचा रंग भिंगावर उमटून झालेलं वर्तुळ.

थेंबांबद्दल एकच वाक्य: गढूळ झालेलं भिंग पुन्हा स्वच्छ करणारे थेंब नाहीत, आणि फुटलेलं भिंग तसंच ठेवलं तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते.

राहिला उजवा-डावा. जागतिक संघटनेच्या एच २६.१ मध्ये डोळ्याची बाजू नसतेच. अमेरिकेतल्या आवृत्तीत पुढे आकडे जोडून ती सांगतात, उदाहरणार्थ एच २६.१३१ म्हणजे इजेमुळे उजव्या डोळ्यात झालेला पूर्ण मोतीबिंदू. त्यामुळे छोटा कोड बनावट ठरत नाही. कोड चुकतात मात्र नक्की. डॉक्टरने नुसतं ‘मोतीबिंदू’ लिहिलं तर आम्हाला कारण मनाने घालता येत नाही, मग एच २६.९, म्हणजे ‘प्रकार नमूद नाही’, असा कोड लागतो. म्हणून जुना मार कितीही जुना असो, तो तपासणीच्या वेळीच सांगा आणि केसपेपरवर लिहिला का ते बघा. आणि कागदावर उजव्याच्या जागी डावा डोळा पडलेला दिसला, तर ती दुरुस्ती ऑपरेशनच्या आधी, त्याच दिवशी करून घ्या.