ग्रँडमास्टरांचे डाव कशाला बघायचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

बुद्धिबळ शिकताना ग्रँडमास्टरांचे डाव बघावेत, या सल्ल्यावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्यामुळे उत्तरही जरा लांबणार आहे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : दीड हजाराच्या आत रेटिंग असलेला खेळाडू मोहरे फुकट घालवून हरतो, तेव्हा त्यानं कोडी सोडवावीत. जुना जगज्जेता कॅपाब्लांका याचे एंडगेम, म्हणजे थोडेच मोहरे उरल्यावरचा डावाचा शेवटचा टप्पा, चाळून त्याला काही मिळणार नाही, कारण त्याचे डाव तिथवर पोचतच नाहीत. पोचलेच तर लुसेना आणि फिलिडोर या हत्तींच्या एंडगेममधल्या दोन ठरलेल्या पोझिशन (पटावरच्या मांडण्या) पाठ असल्या की भागतं. आणि जुन्या डावांत इंजिन, म्हणजे बुद्धिबळाचा संगणक-प्रोग्राम, पावलोपावली चुका दाखवतं, मग ते गिरवायचे कशाला? बघायचेच तर कोणते, हेही तुम्ही विचारलंत.

कोड्यांबद्दल आपलं भांडण नाही. रोज सोडवावीत. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या : कोडं समोर आलं की ‘इथे काहीतरी आहे’ हे आधीच ठाऊक असतं. डावात ते कोणी सांगत नाही. आणि ज्या चालींवर मारामारी नसते, अशा चालीच डावात जास्त असतात. तिथे काय करायचं, याचं उत्तर कोड्यांतून मिळत नाही.

‘आमचे डाव एंडगेमपर्यंत पोचत नाहीत’ हे मात्र मला पटत नाही. एंडगेमचं ज्ञान एंडगेम आल्यावरच लागतं, असं तुम्ही धरून चालला आहात. ते लागतं वजिरावजिरी करायची की नाही हे ठरवताना, म्हणजे कितीतरी आधी. समोरच्यानं हत्ती पुढे केला, आपण मारला, त्यानं परत मारला. पटावर काय उरलं आणि ते कुणाच्या सोयीचं, याचा विचार दोघांनीही केलेला नसतो. मग दहा चालींनी मोहरा फुकट जातो आणि आपण म्हणतो, नजरचूक झाली. पुष्कळदा अशी नजरचूक अवघडलेल्या पोझिशनमध्येच होते, आणि ते अवघडलेपण त्या अदलाबदलीतून आलेलं असतं.

तुम्ही कॅपाब्लांकाचं नाव घेतलंत, तर त्याचाच डाव घेऊ. न्यूयॉर्क, १९२४, काळ्याकडून टार्टाकोवर. या डावातली ३५वी चाल सगळे दाखवतात, पण मी आधी २३व्या चालीला थांबायला सांगेन. तेव्हा पटावर वजीर आहेत, दोघांचे दोन्ही हत्ती आहेत, आणि कॅपाब्लांका एच प्यादं दोन घरं पुढे टाकतो. (पटाच्या उभ्या ओळींना, म्हणजे फाइलना, ए ते एच अशी अक्षरं असतात आणि आडव्या ओळींना १ ते ८ आकडे; घराचं नाव दोन्ही मिळून.) का? काळ्यानं ‘जी’ फाइलमधलं प्यादं जी६ वर आणून ठेवलंय. उद्या एच५ खेळून प्याद्याला प्यादं भिडवलं की एच फाइल उघडणार. त्यानंतर दोनच चालींनी वजीर आणि एकेक हत्ती पटावरून जातात. २७वी चाल एच५. ३०व्या चालीला पांढरा हत्ती एच७ वर, म्हणजे सातव्या ओळीत जाऊन बसलेला. एंडगेम सुरू होण्याआधीच त्याची निम्मी तयारी झालेली होती. हे कुठल्या कोड्यात शिकाल?

आता ती प्रसिद्ध जागा. पांढऱ्याचा राजा एफ३ वर, आणि काळा हत्ती सी३ वरचं प्यादं शहासकट खायला टपलेला. तुमच्या-माझ्यासारखा माणूस हत्ती मागे आणून प्यादं राखेल. कॅपाब्लांका राजा जी३ वर नेतो आणि प्यादं देऊन टाकतो. हत्ती ते खातो, शह. राजा एच४ वर. मग पांढऱ्याचं ‘जी’ प्यादं सहाव्या ओळीत, आणि काळा एफ४ वरचंही खातो, पुन्हा शह. राजा जी५ वर. दोन प्यादी गेली आणि बदल्यात पांढऱ्याचा राजा शत्रूच्या दारात उभा आहे.

माझ्या मते खरी शिकवण देणारी चाल यानंतरची, ३९वी. काळ्याचं एफ५ वरचं प्यादं राजाच्या शेजारी आहे आणि सहज खाता येईल. कॅपाब्लांका ते खात नाही. राजा त्याला वळसा घालून एफ६ वर जातो. ते काळं प्यादं तिथं आहे तोवर काळ्या हत्तीला एफ फाइलवरून शह देता येत नाही. शत्रूचंच प्यादं पांढऱ्या राजाला आडोसा देतंय. शिवाय हत्ती एच८ वर आला की थेट मात. काळ्याचा राजा जी८ वर येतो, मग शह खाऊन कोपऱ्यात जातो, पांढरा हत्ती सी७ वरचं प्यादं टिपतो आणि काळ्या हत्तीला ई८ वर परतावं लागतं. एफ५ वरचं प्यादं कॅपाब्लांका खातो ते त्यानंतर, ४२व्या चालीला, आडोशाची गरज संपल्यावर. या चार-पाच चालींवर मी कुणालाही तासभर बसवीन.

याच आडोशावरून तुमच्या पाठांतराच्या मुद्द्याकडे येतो. फिलिडोरचा बचाव काय आहे? बचाव करणारा आपला हत्ती स्वतःकडून तिसऱ्या ओळीत ठेवतो आणि समोरच्या राजाला पुढे येऊ देत नाही. प्यादं त्या ओळीत आलं की हत्ती झटकन पटाच्या दुसऱ्या टोकाला जातो आणि मागून शह देत राहतो. हे चालतं कारण प्यादं पुढे गेल्यावर राजापुढे लपायला काही उरत नाही. आणि लुसेना? तिथे राजाला शहांपासून वाचवायला स्वतःचाच हत्ती मध्ये आणायचा असतो. म्हणजे दोन्हीकडे प्रश्न एकच : राजाला आडोसा आहे की नाही? नुसतं पाठ केलेल्याला प्यादं एक घर इकडेतिकडे असलं की काही सुचत नाही. कॅपाब्लांकाचा डाव नीट बघितलेला माणूस निदान योग्य प्रश्न विचारतो. या दोन पोझिशन यायलाच हव्यात, त्याला पर्याय नाही, पण तिथवर डाव न्यायचा कसा हे त्या पोझिशन सांगत नाहीत.

आता इंजिन. जुन्या डावांत चुका आहेत, कबूल. नव्या डावांतही आहेत. २०१३ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव घ्या, आनंद पांढऱ्याकडून आणि कार्लसन काळ्याकडून. हत्तींचा एंडगेम. कार्लसन प्यादी देतो, एफ प्यादं पुढे काढतो, राजा त्याच्या मदतीला. ६०व्या चालीला आनंद हत्ती ए४ वर नेतो आणि डाव निसटतो. बी प्यादं पुढे टाकलं असतं तर बरोबरी होती. कार्लसन लगेच एच प्यादंही देऊन टाकतो आणि त्याचं एफ प्यादं सुटतं. न्यूयॉर्कच्या त्या डावापासून ८९ वर्षांचं अंतर आहे, पण प्यादी देऊन राजा आणि पुढचं प्यादं कामाला लावायची कल्पना तीच. इंजिन सांगतं की ६०वी चाल चुकली. का चुकली, हे तुम्हाला समजतं ते आधी कॅपाब्लांका पाहिलेला असेल म्हणून.

टेबलबेसचंही, म्हणजे संगणकानं आधीच सोडवून ठेवलेल्या एंडगेमच्या संग्रहाचंही, तेच. राजे धरून सात मोहरे उरले की जिंक, हार किंवा बरोबरी यांचं अचूक उत्तर आज उपलब्ध आहे. ‘बरोबरी’ असं लिहिलेली पोझिशन हातात धरून ठेवणं ही वेगळी गोष्ट. २०२१ च्या लढतीतला कार्लसन–नेपोम्नियाशी सहावा डाव १३६ चाली चालला. शेवटी कार्लसनकडे हत्ती, घोडा आणि दोन प्यादी, समोर एकटा वजीर. टेबलबेसप्रमाणे बरोबरी असताना १३०व्या चालीला वजीर चुकीच्या घरात गेला. आता हा डाव शिकण्यासाठी घ्यायचा का? मी तर नाही म्हणेन. बघायला थरारक आहे, पण आपल्या पातळीवर त्यातून उचलण्यासारखं फार थोडं आहे. आजच्या अव्वल खेळाडूंचे पुष्कळसे डाव असेच असतात. वीस चाली घरून तयार करून आणलेल्या, एकविसाव्या चालीमागचं कारण इंजिनशिवाय कळत नाही. तुमचा राग अशा डावांवर असेल तर मी तुमच्याच बाजूला आहे.

आणि ‘चाळणं’ हा शब्द तुम्ही वापरलात, त्यावरही माझं तुमचं एकमत आहे. स्क्रीनवर बाण दाबत मिनिटभरात डाव संपवला तर कपाळ मिळणार! मी सांगतो ती रीत कंटाळवाणी आहे. खरा पट मांडा. जिंकणाऱ्याच्या बाजूनं बसा. पुढची चाल झाका, स्वतःची ठरवा, एका ओळीत कारण लिहा, मग उघडा. प्रत्येक अदलाबदलीला थांबा आणि उरलेले मोहरे मोजू नका, बघा : कुणाचा राजा आधी मधे येईल, कुणाचं प्यादं अडकलंय, कुणाचा हत्ती नुसता राखण करतोय. डाव संपल्यावर अदलाबदलीनंतरची पोझिशन परत लावा आणि कुणाशी तरी दोन्ही बाजूंनी खेळून बघा. हरणाऱ्या बाजूनं खेळताना जास्त कळतं. इंजिन अगदी शेवटी, आणि तेही तुमची लिहिलेली कारणं समोर ठेवून.

हे सगळं करायला एका डावाला तीन-चार बैठका सहज लागतात, म्हणून डाव निवडून घ्यावेत. तुम्ही नावं मागितली होती. रुबिन्स्टाइनचे हत्तींचे एंडगेम घ्या, श्पीलमानविरुद्धचा सेंट पीटर्सबर्ग १९०९ चा आधी. त्यानंतर कार्पोव–कास्पारोव, १९८४ च्या लढतीतला नववा डाव. त्यात ४७व्या चालीला कार्पोव प्याद्याला प्यादं मारून घेण्याऐवजी घोडा जी२ वर आणतो. तिथे थांबा, चाल झाका, आणि त्यानं ते प्यादं का सोडलं याचं तुमचं उत्तर मला इथेच लिहा. त्यावर वाद घालायला मला आवडेल.