लशीच्या खोलीत मूल रडवायची पूर्वतयारी

लशीच्या दिवशी मूल जेमतेम कुंथून गप्प झालं, तर सुईला दोष देऊ नका. ती बिचारी दोन-तीन सेकंदांत आपलं काम उरकते, तेवढ्यात कितीसं रडवणार? दवाखान्याचा अख्खा जिना दुमदुमायचा असेल तर घरच्या मोठ्यांनीच कंबर कसायला हवी. आणि डोसांच्या संख्येत जगात सर्वांत जास्त लशी बनवणारी सीरम इन्स्टिट्यूट १९६६पासून ज्या पुण्यात आहे, तिथल्या आईबापांनी तरी या कामात मागं राहू नये.

सुरुवात फार आधीपासून करा. पोरानं दोडका बाजूला सारला, दुपारी झोपलं नाही, रिमोट सोडला नाही, की लगेच म्हणा, "थांब, डॉक्टरकाकांना सांगते, मोठ्ठी सुई टोचतील." सुई ही शिक्षा असते हे एकदा डोक्यात बसलं, की पाचव्या वर्षी डीपीटीचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला नि धनुर्वात यांच्या लशीचा, बूस्टर घेताना पोराला दुखण्याआधी दुसराच प्रश्न छळतो. आज आपण नेमकं काय केलं?

त्या दिवशी कुठं चाललोय हे अजिबात सांगू नका. सारसबागेत जाऊ, गणपतीला नमस्कार करू, भेळ खाऊ, असं म्हणून स्कूटरवर बसवा. सारसबाग मागं पडून टिळक रोड लागला की पोराला समजायचं ते समजतंच. एक फायदा पुढचाही आहे. तुम्ही खरोखर सारसबागेत न्याल, तेव्हाही ते वाटभर रडेल.

सोबत आजी आणि आत्या हव्यातच. बाप एकटाच पोराला घेऊन गेला तर धोका असतो, तो मोबाइलवर क्रिकेट दाखवतो आणि पोराला सुई कळतच नाही. आजी कशी, दारातूनच "एवढीशी पोर आणि केवढी ती सुई गं बाई" म्हणून डोळ्यांना पदर लावते. निम्मं काम तिथंच होतं.

आता मुख्य मंत्र. "काही नाही हं, काही होत नाही, घाबरायचं नाही." हा शक्य तितक्या कापऱ्या आवाजात, पोराचा दंड घट्ट धरून, सिस्टर कापूस भिजवत असतानाच सुरू करावा. यामागं शास्त्र आहे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड ब्लाउंट आणि सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या बालरुग्णांना पाठीत आणि हाडात सुई घालताना खोलीत कोण काय बोलतं ते टिपून ठेवलं आणि १९८९मध्ये प्रसिद्ध केलं. मोठ्यांनी धीर दिला, माफी मागितली किंवा टोमणा मारला, की त्यापाठोपाठ मुलाचं रडणं येत होतं. भलत्याच विषयावर गप्पा, थट्टा, "मोठा श्वास घे बरं" असं काही आलं, की मूल निभावून नेत होतं. पुढं कॅनडातल्या संशोधकांना असंही दिसलं, की धीर देणारं माणूस मुलांना स्वतःच घाबरलेलं वाटतं. पोरं हुशार असतात हो. एरवी आई कधी "काही होत नाही" म्हणते? पोळी वाढताना म्हणते का? ज्या अर्थी आत्ता म्हणतेय, त्या अर्थी काहीतरी भयंकर होणार आहे. म्हणून मंत्र एकदा म्हणून थांबू नका, डॉक्टर सुई खाली ठेवेपर्यंत जप चालू द्या.

काही आगाऊ पालक या वेळी साबणाचे फुगे काढतात, "कालच्या गोष्टीतला उंदीर कुठं लपला होता रे?" असलं काहीतरी विचारतात. त्यांच्या शेजारी बसू नका, पोरं हसायला लागतात.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत तर डोळ्यांत तेल घालून राहा. लस देताना आईनं अंगावर पाजलं तर बाळ बरंच कमी रडतं, आणि थोड्या मोठ्या मुलाला मांडीवर बसतं धरलं तर तेही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५मध्ये हे कागदावर आणलंय. त्वचा बधिर करणारं मलमही मिळतं, पण ते डॉक्टरांना विचारून तासभर आधी लावावं लागतं, आणि तासभर आधी आपण पार्किंग शोधत असतो. तेव्हा सरळ टेबलावर उताणं पाडा. एकानं पाय, एकानं हात आणि आत्यानं डोकं धरावं.

पोर बोलण्याइतकं मोठं असेल तर सगळा कारभार त्याच्या हाती सोपवा. डाव्या हातावर की उजव्या, इतकंच विचारलं तर ते निवडून मोकळं होईल, म्हणून विचारायचं, "आता टोचू देऊ का राजा?" ते "नाही" म्हणेल. दोन मिनिटांनी पुन्हा विचारा. भीतीला मुरायला वेळ लागतो, आणि बाहेर रांगेतली बाकीची मुलंही हे ऐकून तयार होतात. मुलगा असेल तर "मुलींसारखा काय रडतोस" हे राहून जाऊ देऊ नका. त्यानं रडणं थांबत नाही, फक्त त्यात लाज मिसळते.

सुई निघाली की "सॉरी रे सोन्या, मी वाईट आई आहे ना?" म्हणा. मग डॉक्टरांच्या टेबलाला पोराच्याच हातानं दोन चापट्या मारायला लावा, म्हणजे पुढच्या वेळी शत्रू कोण ते त्याला शोधत बसावं लागणार नाही.

खरं काम मात्र घरी आल्यावर असतं. किती दुखलं होतं हे मूल नुसतं त्या खोलीतून घेऊन येत नाही, नंतर मोठे त्याबद्दल काय बोलतात त्यावरही ते ठरतं. "शेवटी तू केवढा मोठा श्वास घेतलास" एवढंच बोलाल, तर आठवण बोथट होईल. त्यापेक्षा नाशिकच्या मावशीला फोन लावून, पोर ऐकत असताना, "अगं, तिघांनी धरलं तरी आवरेना" इथून सुरुवात करा. दहाव्या वर्षी टीडी, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस आहे, सोळाव्या वर्षी पुन्हा आहे. तोवर दर दिवाळीत फराळाला पाहुणे जमले की हा प्रसंग हावभावांसकट सांगत राहा, आणि आत्याला डोकं कसं धरलं होतं ते करून दाखवायला सांगा.