‘वय अधिक शंभर’ म्हणत गोळ्या बंद करायला लावणाऱ्या त्या मेसेजबद्दल

‘120 वर्षं निरोगी जगण्याचं रहस्य’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. तो वाचून माझ्या मावशीने बीपीची गोळी बंद केली. मावशी 82 वर्षांची आहे. डोकं दुखायला लागलं, तरी तिने कोणाला सांगितलं नाही, कारण ‘सुरुवातीला विष बाहेर पडताना असा त्रास होतो’ हेही मेसेजमध्येच लिहिलेलं होतं. शेवटी मामाने दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलं, तर वरचा आकडा 198. तेव्हा आज फार गोड शब्दांत लिहिणं मला जमणार नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. माणसाचं मूळ आयुष्य 120 वर्षांचं आहे आणि पूर्वी लोक सहज शंभरी गाठायचे. उपवासाच्या शोधाला नोबेल मिळालंय, म्हणून 72 तास उपाशी राहिलं की पेशी पुन्हा तरुण होतात. वयाबरोबर बीपी वाढणं नैसर्गिक आहे, ‘वय अधिक शंभर’ इतकं चालतं आणि साठीनंतर गोळ्या घेतल्या तर उलट आयुष्य घटतं. जपानमधले शतायुषी तर डॉक्टरची पायरीच चढत नाहीत.

आधी बीपीचंच घेते, कारण बाकीच्या थापांनी डोकं फिरतं, पण ही थाप जीव घेऊ शकते.

‘वय अधिक शंभर’ हा हिशेब एके काळी डॉक्टरमंडळीही करायची, एवढं खरं. पण तेव्हा वयस्कर लोकांवर नीट चाचण्याच झाल्या नव्हत्या. पुढे झाल्या. त्यातली हायव्हेट नावाची चाचणी 2008 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आली. तिच्यात 3,845 माणसं होती, सगळी 80 किंवा त्याहून मोठी, वरचा आकडा 160 किंवा त्याच्या पुढचा. निम्म्यांना इंडापामाइड हे बीपीचं औषध दिलं, गरज पडली तर जोडीला पेरिंडोप्रिल हे दुसरं. उरलेल्यांना दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. फरक इतका पडला की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. औषध घेणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यू 21 टक्क्यांनी कमी आणि हार्ट फेल्युअर 64 टक्क्यांनी कमी. साठीनंतर सोडाच, ऐंशीनंतरही गोळीने आयुष्य वाढलं.

आता मेसेजचा हिशेब मावशीला लावून बघा. 82 अधिक 100 म्हणजे 182. म्हणजे हायव्हेटमध्ये ज्या 160 पासून पुढे उपचार केल्याने माणसं वाचली, त्याच्या कितीतरी वरच्या बीपीला हा मेसेज ‘चालतं’ म्हणतो.

आणि ते ‘नैसर्गिक’ प्रकरण. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या यानोमामी लोकांच्या आहारात मीठ जवळपास नसतंच. त्यांचं बीपी वयाबरोबर चढत नाही. एखादी गोष्ट बहुतेकांना होते म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. मोतीबिंदूही बहुतेकदा म्हातारपणीच होतो, म्हणून कोणी ऑपरेशन टाळा म्हणत नाही.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. हायव्हेटमधली माणसं त्या वयाच्या मानाने बऱ्यापैकी धडधाकट होती. खूप थकलेल्या, अंथरुणाला टेकलेल्या माणसाचं बीपी औषधाने फार उतरलं तर उठताना तोल जातो, पडून खुब्याचं हाड मोडतं, आणि त्या वयात ते फार महागात पडतं. अशा वेळी डॉक्टर स्वतःच डोस कमी करतात, कधी गोळी काढूनही टाकतात. पण ते बसून आणि उभं राहून बीपी मोजून, टप्प्याटप्प्याने. बीटा-ब्लॉकर या बीपी आणि हृदयाच्या औषधांच्या गटातली गोळी एकदम तोडली तर छातीत दुखण्यापासून हार्ट अटॅकपर्यंत काहीही होऊ शकतं. मेसेजमध्ये याबद्दल चकार शब्द नाही.

आता नोबेल. 2016 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल योशिनोरी ओसुमी यांना मिळालं, हे बरोबर. पण त्यांनी माणसांना उपाशी ठेवलंच नव्हतं. त्यांचं काम यीस्टवर होतं, पाव फुगवतात त्या यीस्टवर. पचवणारी एन्झाइम्स नसलेल्या यीस्टला अन्न तोडल्यावर काही तासांतच पेशीच्या आतल्या पिशवीत बारीक बारीक फुगे साठताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. पेशी स्वतःचाच कचरा मोडून पुन्हा वापरते, ती ही ऑटोफॅजी. ती कोणत्या जनुकांवर चालते, हे त्यांनी शोधून काढलं. फार मोठं काम आहे ते. ‘72 तास उपाशी राहा म्हणजे तरुण व्हाल’ असं त्यात कुठेही नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणारा माणूस तीन दिवस उपाशी राहिला तर साखर इतकी खाली जाऊ शकते की शुद्ध हरपावी. शिवाय म्हातारपणी स्नायू आधीच झडत असतात, उपासमारीने ते आणखी झडतात. कमी खाऊन माकडं जास्त जगतात का, याचे अमेरिकेत दोन दीर्घ प्रयोग झाले. विस्कॉन्सिनच्या प्रयोगात फायदा दिसला, दुसऱ्यात आयुष्य वाढलं नाही. विज्ञान तिथपर्यंत आलंय, मेसेज मात्र पार पुढे निघून गेलाय.

पूर्वीच्या शंभरीबद्दल फार लिहीत नाही. 1900 च्या सुमारास जगाचं सरासरी आयुर्मान तिशीच्या आसपास होतं, त्याचं मोठं कारण म्हणजे लहानपणीच दगावणारी मुलं. आज ते सत्तरीच्या पुढे आहे. आणि 120 ओलांडल्याची पक्की नोंद आजवर एकाच व्यक्तीची आहे, फ्रान्सच्या जान काल्माँ यांची: 122 वर्षं 164 दिवस. अब्जावधी माणसांत एक, याला ‘मूळ आयुष्य’ म्हणायचं?

जपानची गंमत तर उलटीच आहे. जपानी माणूस वर्षाला सरासरी बारा-तेरा वेळा डॉक्टरकडे जातो, श्रीमंत देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त असलेल्यांपैकी आहे. 1960 च्या दशकात तिथे पक्षाघाताने मरणाऱ्यांचं प्रमाण भयंकर होतं. ते खाली आलं यामागे गावोगावी बीपी तपासणं, मीठ कमी करणं आणि हो, गोळ्या, हे मोठं कारण आहे. सगळ्या शतायुषींच्या नोंदीही खऱ्या नव्हत्या. 2010 मध्ये टोकियोत कागदावर 111 वर्षांचे असलेले एक गृहस्थ सुमारे तीस वर्षांपूर्वीच वारलेले निघाले, घरचे पेन्शन घेत होते. मग देशभर शोध घेतला, तर शंभरी ओलांडलेल्या दोन लाखांहून जास्त लोकांचा ठावठिकाणाच लागेना.

चाला, झोपा, माणसांत राहा, सिगारेट सोडा, हे मेसेजच्या शेवटी आहे आणि ते बरोबर आहे. त्यात मी एकाची भर घालेन. 1990 मध्ये मारिया फियातारोने यांनी नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या काही मोजक्या लोकांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त वाढली. नव्वदीत! हे मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

घरात कोणी असा मेसेज वाचून गोळी सोडली असेल तर आजच बीपी मोजा आणि डॉक्टरांना फोन करा. चुकलेल्या गोळ्या एकदम घेऊ देऊ नका. तीव्र डोकेदुखी, छातीत दुखणं, बोलणं अडखळणं किंवा एका बाजूचा हातपाय गळणं यातलं काहीही असेल तर फोनची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा.